दुःखाच्या घरी भजनाला बसताना

भोर तालुक्यातल्या आमच्या गावात माळकरी माणूस गेला की त्याच रात्रीपासून दहाव्यापर्यंत घरी हरिपाठ होतो. मी 23 वर्षं त्या घरांत पखवाज घेऊन बसतोय. भजनात नव्यानं येणाऱ्या पोरांसाठी हे लिहितो.

पखवाजाच्या डाव्या पुडीला, म्हणजे डाव्या तोंडाच्या कातड्याला, लावायची कणीक आपल्या घरून मळून न्या. त्या घरची चूल पेटलेली नसते, शेजारीपाजारी पिठलं-भाकरी आणून देतात. तिथं मूठभर पीठसुद्धा मागू नये. पट्टी उतरवा. एरवी आम्ही पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीत, काळी चारमध्ये गातो, तिथं काळी दोन. खालच्या पट्टीचा दुसरा पखवाज मी त्यासाठीच ठेवलाय. दिवसभर रडलेला गळा वर चढत नाही, आणि घरच्यांनी म्हणावं म्हणून तर आपण गेलेलो असतो.

जिथं प्राण गेला तिथं पिठावर दिवा असतो. त्याला पाठ करून बसू नका. बायकांना माजघरात ठेवू नका, टाळकऱ्यांच्या लगत जागा करून द्या. मुलाच्या हातात टाळ द्या. नको म्हणाला तर नुसते शेजारी ठेवा. दोन-तीन दिवसांनी बहुतेक जण आपणहून उचलतात.

चाल सगळ्यांच्या तोंडातली धरा. ताना, गवळण, भारूड काही नको. म्हातारं माणूस गेलं असेल तर शेवटी तुकोबांचा ‘आम्ही जातो आपुल्या गावा’ घ्या. तरणं पोर गेलेल्या घरी मात्र मी तो घेऊ देत नाही. त्या आईला तो निरोप ऐकवत नाही.

एकदा अशीच एक आई हंबरडा फोडून रडायला लागली आणि मी घाबरून हात आवरला. टाळ थांबले. सगळ्यांच्या नजरा तिच्यावर, आणि ती त्या शांततेत एकटी. ते अजून सलतं. म्हणून सांगतो, थांबू नका. हंबरडा फुटला की चरण सोडून ‘ज्ञानोबा माउली तुकाराम’वर या. थाप हलकी करा, टाळ नुसते किणकिणत ठेवा. तिला त्या आवाजाच्या आडोशाला पोटभर रडू द्या. ती शांत झाली की मग पुढचा अभंग. अर्धा तास गेला तरी चालेल.

पाकीट घेऊ नका. उद्या किती वाजता येणार ते सांगून उठा आणि ती वेळ पाळा. त्याआधीच कोणीतरी सतरंजी अंथरून दाराकडे बघत बसलेलं असतं.