तैलरंगांचे थर चढवताना या चुका टाळा

जपानमधल्या आमागासाकीचे चित्रकार काझुओ शिरागा १९५४ मध्ये, वयाच्या तिशीत, हात सोडून पायांनी तैलरंग लावू लागले. कॅनव्हास जमिनीवर, छताला दोर, दोराला धरून रंगाच्या ढिगातून घसरत जायचं. त्यांची चित्रं पाहून आपणही ट्यूबच्या ट्यूब पिळतो. पण शिरागांचं काम एका झपाट्याचं, ओल्यावर ओलं. खालचा रंग वरच्यातून उजळत यावा असं हवं असेल, तर रीत वेगळी लागते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ‘वाळला’ म्हणजे काय हे न समजणं. तैलरंग पाण्यासारखा उडून जात नाही; त्यातलं तेल हवेतला ऑक्सिजन घेत घट्ट होतं. वरची साय धरली तरी आत रंग ओलाच असतो. अशा थरावर पातळ, टर्पेंटाइन (रंग पातळ करायचं द्रव) जास्त असलेला हात दिला, तर तो आधी आवळतो, खालचा नंतर हलत राहतो आणि तडे जातात. म्हणून खालचे थर कमी तेलाचे, वरचे चढत्या तेलाचे. नख हळूच टेकवा. खूण उमटली तर थांबा. तपकिरी अंबर लवकर वाळतो, आयव्हरी ब्लॅक आणि गडद लाल ॲलिझरिन रेंगाळतात, त्यामुळे जाड काळ्यावर घाईने काहीही चढवू नका. तैलरंगावर ॲक्रिलिक तर कधीच नको, पोपडे निघतात. उलट चालतं.

तेल कमी म्हणून टर्पेंटाइन ओतत राहिलात, तर रंगाला धरून ठेवायला काही उरत नाही. बोट फिरवलं की भुकटी हाताला येते.

शिरागांच्याच जन्मवर्षी, १९२४ मध्ये, नागपुरात वासुदेव गायतोंडे जन्मले. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेला हा चित्रकार रोलर आणि पॅलेट नाइफने रंग लावायचा, खरवडायचा, पुन्हा लावायचा, आणि वर्षाला मोजकीच चित्रं करायचा. मला थरांचं खरं शिक्षण त्यांच्या कॅनव्हाससमोर उभं राहून मिळतं: काढून टाकणंही थरच असतो. नवशिके मात्र फक्त चढवत जातात, आणि चित्र मळतं. रंग ओला असतानाच खरवडा. वाळल्यावर खरवडलात तर कॅनव्हासला जखम होते.

एखादा भाग मळकट, निस्तेज दिसला तर नवा रंग लावू नका. तेल खालच्या थराने शोषलंय. पूर्ण वाळल्यावर तिथे लिनसीडचा (जवसाच्या तेलाचा) अगदी पातळ हात द्या, लगेच कापडाने पुसून घ्या. रंग परत जागा होतो.

पावसाळ्यात वाळायला जास्त दिवस लागतात. कॅनव्हास भिंतीला टेकवू नका, मागून बुरशी धरते. अंधाऱ्या कपाटातही नको, पांढरा पिवळट पडतो. उजेडात ठेवलं की बराचसा परततो. नेहमीच्या व्हार्निशला पातळ थरांच्या चित्रावरही सहा महिने ते वर्ष थांबा.

आणि एक, चित्राबाहेरचं. लिनसीडने माखलेल्या चिंध्या गोळा करून डब्यात टाकू नका. तेल हवेशी जुळताना त्या तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. पाण्यात भिजवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा, किंवा बाहेर एकेक पसरून वाळवा.