इंग्रजीत मागच्या उदाहरणाचा उल्लेख करताना या चुका टाळा

सांगलीत इंग्रजी प्रबंध आणि प्रकल्प अहवाल तपासून देण्याचं काम मी करतो. स्पेलिंग आता फारसं कुणाचं चुकत नाही, ते कॉम्प्युटर बघतो. आधी दिलेल्या उदाहरणाकडे पुन्हा वळायचं झालं की मात्र चांगले हुशार विद्यार्थीही घसरतात. या चुकांखाली कुठलंच ॲप लाल रेघ ओढत नाही, कारण वाक्य व्याकरणानं शुद्ध असतं. वाचणारा मात्र भलत्याच उदाहरणाशी जाऊन पोचतो.

सगळा भार 'इट'वर आणि 'धिस'वर

हे वाक्य बघा: 'कोयनेवर धरण आहे, ते भरलं की तिला पूर येतो आणि तो सांगलीपर्यंत पोचतो.' ते म्हणजे धरण, ती म्हणजे नदी, तो म्हणजे पूर. कुणालाही शंका येत नाही, कारण मराठीत लिंगच वाट दाखवतं. हेच इंग्रजीत नेलं की तिन्ही ठिकाणी 'इट' येतो. इट भरतं, इट फुगते, इट सांगलीला पोचतो. ही तीन 'इट' कुणाकुणाची, हे वाचणाऱ्यानं कसं ओळखायचं?

आपण मराठीत विचार करून लिहितो, म्हणून ही चूक लिहिताना दिसतच नाही. मनात लिंग शाबूत असतं, कागदावर ते उतरत नाही. चांगले इंग्रजी लेखक अशा जागी सरळ नाम पुन्हा लिहितात: 'द डॅम', 'द रिव्हर', 'द फ्लड'. 'धिस'चंही तेच. 'धिस शोज दॅट' अशी सुरुवात केली की 'धिस' म्हणजे मागचं उदाहरण, त्यातला आकडा, की अख्खा परिच्छेद, हे कळत नाही. 'धिस फिगर', 'धिस केस', 'धिस डिले' असं एक नाम जोडलं की काम होतं.

माझी सवय सांगतो. मी कागदावर प्रिंट काढतो आणि प्रत्येक 'इट' व 'धिस'पासून पेन्सिलीनं मागच्या नामापर्यंत बाण ओढतो. बाणाच्या वाटेत दुसरं एखादं नाम आडवं आलं, तर सर्वनाम खोडून नाम लिहितो. वेळ लागतो. 'सर, स्क्रीनवर नाही का होणार?' असं विचारणाऱ्यांना मी नाही म्हणतो. स्क्रीनवर डोळा ओळीवरून घसरत जातो आणि बाण ओढायचाच राहतो.

'फॉर्मर' आणि 'लॅटर'

या जोडीवर माझा सगळ्यात जास्त राग आहे. 'फॉर्मर' म्हणजे दोघांतला पहिला, 'लॅटर' म्हणजे दोघांतला दुसरा. तीन गोष्टी असतील तर ही जोडी चालत नाही, हे बहुतेकांना शिकवलेलंही असतं. पण खरा धोका वेगळा आहे: ही जोडी जागेवर अवलंबून असते, आणि मसुद्यात जागा बदलत राहतात.

एका विद्यार्थ्यानं कृष्णेच्या पुरावर अहवाल लिहिला होता. पहिल्या मसुद्यात दोनच धरणं होती. सांगलीच्या वरच्या अंगाला कोयना, खालच्या अंगाला कर्नाटकातलं अलमट्टी. पुढे पूर्ण पानभर 'द फॉर्मर' आणि 'द लॅटर'. 'लॅटर'च्या बॅकवॉटरवरून होणारा वाद, 'लॅटर'ची पातळी 519.60 मीटरवरून 524.256 मीटरपर्यंत नेण्याचा कर्नाटकचा प्रस्ताव, सगळं बरोबर होतं. मग मार्गदर्शकांनी सुचवलं, वारणाही घ्या, ती हरिपूरला कृष्णेला मिळते, तिच्यावरच्या, शिराळा तालुक्यातल्या चांदोली धरणाच्या विसर्गाचा सांगलीशी थेट संबंध आहे. सूचना अगदी योग्य होती. मुलानं अलमट्टीच्या वाक्यानंतर चांदोलीचं एक वाक्य घातलं आणि फाइल बंद केली.

त्या एका वाक्यानं पुढचं सगळं पान चांदोलीचं झालं. चांदोलीच्या बॅकवॉटरनं सांगलीत पाणी तुंबतं, चांदोलीची उंची कर्नाटक वाढवणार, असा अर्थ निघू लागला. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी शांतपणे विचारलं, 'शिराळ्याच्या धरणाचं बॅकवॉटर उलटं सांगलीकडे कसं येईल?' मुलाला प्रश्नच कळेना, कारण त्याच्या डोक्यात 'लॅटर' म्हणजे अजूनही अलमट्टीच होतं. विषय त्याला पक्का येत होता. 2019 च्या महापुरात त्याच्या घरात पाणी होतं, आकडे तोंडपाठ होते. तरी तो अहवाल दुरुस्तीसाठी परत आला, तेव्हा माझ्याकडे पोचला.

दुरुस्ती काय होती? प्रत्येक 'लॅटर'च्या जागी 'अलमट्टी' लिहिणं. नाव लिहिलं की मध्ये दहा वाक्यं घाला, अर्थ हलत नाही. शेवटच्या मसुद्यात 'फॉर्मर' आणि 'लॅटर' शोधायचे आणि प्रत्येक ठिकाणी नाव टाकायचं, हा माझा नेम आहे. दोन गोष्टी एकाच वाक्यात असतील आणि 'लॅटर' लगेच पुढच्या वाक्यात येत असेल, तेवढाच मी सोडतो.

शब्द पुन्हा येऊ नये म्हणून नवी नावं देणं

शाळेत निबंध शिकवताना 'तोच शब्द परत नको' असं सांगतात, आणि मुलं ते प्रबंधापर्यंत वाहून आणतात. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, इथून परिच्छेद सुरू होतो. पुढच्या वाक्यात तीच हळद 'द यलो स्पाइस' होते, मग 'द कमोडिटी', मग 'द गोल्डन क्रॉप'. इंग्रजी वाचणारा नाव बदललं की वस्तू बदलली असं धरतो. तो चार पिकं शोधत बसतो. हळदीला हळदच म्हणा, शेवटपर्यंत. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या 'शंभर भारदस्त शब्द' छापाच्या यादीतून शब्द उचलणाऱ्यांना हे पटत नाही, त्यांना अहवाल लवकर वजनदार करायचा असतो. माहिती पक्की असेल तर साधा शब्दही वजन पेलतो.

'अ' आणि 'द'

तासगावच्या एका बेदाणा उत्पादकाचं उदाहरण पहिल्यांदा देताना 'अ फार्मर इन तासगाव' बरोबर. पुढच्या पानावर पुन्हा 'अ फार्मर' लिहिलं की इंग्रजीत तो दुसराच शेतकरी होतो. तिथे 'द फार्मर' हवं. दोन प्रकरणांनंतर त्याच्याकडे परत आलात तर तेवढंही पुरत नाही. 'द तासगाव फार्मर' लिहा. मुरलेले लेखक उदाहरण पहिल्यांदा देतानाच असं छोटं नाव मनाशी ठरवून ठेवतात आणि मग ते बदलत नाहीत.

बाकीच्या चुका थोडक्यात.

'द सेड फार्मर', 'द अफोरमेन्शन्ड व्हिलेज': खरेदीखतात ठीक, प्रबंधात नको.

'ॲज मेन्शन्ड अबव्ह': वर नेमकं कुठे ते सांगायचं नसेल तर खोडा. बहुतेक वेळा खोडलं तरी काही बिघडत नाही.

'द अबव्ह एक्झाम्पल': वर एकच उदाहरण असेल तर हरकत नाही, तीन असतील तर नाव घ्या.

'रिस्पेक्टिव्हली': कोयना, चांदोली आणि अलमट्टीची क्षमता अनुक्रमे सुमारे 105, 34 आणि 123 टीएमसी, असं लिहिलं की वाचणारा बोटं मोजतो. प्रत्येक धरणाशेजारी त्याचा आकडा लिहा.

उदाहरणं खूप असतील तर क्रमांक द्या. भाषाशास्त्राच्या लेखनात उदाहरणांना सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग क्रमांक देऊन पुढे फक्त क्रमांकानं उल्लेख करायची जुनी पद्धत आहे, आणि ती उत्तम आहे. पण क्रमांक हातानं टाइप करू नका. मध्ये एक उदाहरण वाढलं की पुढचे सगळे उल्लेख चुकतात आणि 'लॅटर'चीच गत होते. वर्डमध्ये क्रॉस रेफरन्सची सोय आहे, ती वापरा. ती आपोआप ताजी होईल यावर मात्र विसंबू नका. पीडीएफ काढण्याआधी कंट्रोल ए दाबून सगळा मजकूर निवडा, एफ नाइन दाबा, आणि नंतर 'एरर' हा शब्द शोधा. एखादं उदाहरण तुम्ही काढून टाकलं असेल आणि त्याचा उल्लेख मागे राहिला असेल, तर तिथे 'रेफरन्स सोर्स नॉट फाउंड' असं ठळक अक्षरांत उमटलेलं सापडतं. बायंडिंग होण्याआधी ते तुम्हाला दिसलं पाहिजे.