सपाट पाय आणि नडगीचं दुखणं : माझा अनुभव

पुण्यात तळजाई टेकडीवर रोज ५ किमी पळायला लागलो आणि तिसऱ्या आठवड्यात नडगीच्या आतल्या बाजूला असं दुखायला लागलं की जिना उतरताना कठडा धरावा लागायचा. मला वाटलं वॉर्मअप कमी पडतोय. मग एकदा जुने शूज उलटे करून बघितले तर दोन्हीचे सोल आतल्या बाजूनेच झिजलेले! त्याच दिवशी पाय ओले करून शहाबादी फरशीवर उभा राहिलो, अख्खा तळवा उमटला, मधे कमान नाहीच, म्हणजे सपाट पाय. माझे शूज एकदम मऊ गादीसारखे होते, त्यात पाय आणखी आत कलायचा आणि त्याचा ताण नडगीवर यायचा.

मग फिजिओला दाखवलं, दोन आठवडे पळणं बंद, पोटऱ्यांचे व्यायाम, आणि आतल्या बाजूला आधार असलेले स्टॅबिलिटी शूज घेतले. घ्यायला संध्याकाळी गेलो कारण तोवर पाय थोडे सुजलेले असतात, पळायचे मोजेच घालून, पुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा ठेवून, आणि दुकानातच चार फेऱ्या पळून बघितलं (हे कराच, लाजू नका). सपाट पाय असलेल्या सगळ्यांनाच असे शूज लागतात असं नाही, माझ्या भावाचे पाय तसेच आहेत पण तो साध्या शूजमधे मस्त पळतो. मला मात्र महिन्याभरात फरक पडला, आता जिना बिनकठड्याचा उतरतो.