टाकीतली हिरवळ: हेअरग्रास लावताना

पहिल्या वेळी मी कुर्ल्याहून आणलेला हेअरग्रासचा (माशांच्या टाकीत तळावर पसरणाऱ्या बारीक पाणगवताचा) झुपका अख्खाच रेतीत खोचला. पंधरा दिवसांत मधली पाती कुजली, उरलेली कोरीडोरासनी, म्हणजे तळाशी चरणाऱ्या छोट्या माशांनी, उकरून वर काढली. चूक माझीच.

आता मी आधी कुंडीतला रॉकवूल (मुळांभोवतीची दगडी लोकर) पसरट ताटात, पाण्याखाली, बोटांनी सोडवतो. कंटाळवाणं काम आहे, पण मुळांत राहिलेला लोकरीचा धागा नंतर वर येऊन छळतो. मग कात्रीने पाती दोन-तीन सेंटीमीटरवर छाटायची. जीव हळहळतो, पण लांब पाती तशीही बहुधा पिवळी पडतात; पाण्यातली नवी पात खालूनच फुटते.

रेती बारीक हवी, १ ते ३ मिलिमीटरची, थर ४-५ सेंटीमीटर. टाकीत चार बोटं पाणी ठेवा. सहा-सात पात्यांची जुडी लांब चिमट्यात मुळाशी धरून तिरकी खुपसा, चिमटा किंचित सैल करा आणि हलवत हलवत बाहेर काढा. सरळ ओढलात की जुडी त्याच्यामागे आलीच! दोन जुड्यांत दोन-तीन सेंटीमीटर अंतर.

साध्या रेतीत खताच्या गोळ्या पुरा. दिवा सुरुवातीला सहा-सात तासच, नाहीतर शेवाळ आधी माजतं. सीओटू (टाकीत वेगळा सोडलेला कार्बन डायऑक्साइड वायू) नसेल तरी गवत येतं, फक्त घाई करायची नाही. माझ्या दोन फुटी टाकीत धुमारे काचेपर्यंत पोचायला चार महिने लागले. कोरीडोरास त्यानंतरच परत सोडले.