क्रूझवर इस्त्रीविना कपडे नीट ठेवायचे कसे, आणि केबिनमध्ये कोणतं उपकरण चालतं

क्रूझवर बंदी असलेल्या वस्तूंच्या यादीत इस्त्री आणि कपड्यांचा स्टीमर जवळजवळ नेहमीच असतात. खोक्यावर ‘प्रवासी’, ‘छोटी’, ‘आपोआप बंद होणारी’ असं काहीही लिहिलेलं असलं तरी फरक पडत नाही. चढताना सामान एक्स-रेमधून जातं आणि इस्त्रीचा धातूचा तळ तिथे लगेच ओळखू येतो. ती काढून घेतात आणि साधारणपणे सफर संपताना परत देतात. गरम पाण्याची किटली, पाण्यात सोडायचा हीटर रॉड, कॉफी मेकर, शेगडी, मेणबत्ती आणि अगरबत्ती यांचीही तीच गत. थोडक्यात, ज्याचं कामच तापणं आहे आणि जे चालू ठेवून माणूस दुसऱ्या कामाला लागू शकतो, ते केबिनमध्ये चालत नाही. हेअर ड्रायर आणि केस कुरळे किंवा सरळ करायची यंत्रं बहुतेक ठिकाणी चालतात, कारण ती वापरताना हातातच असतात.

नियम जाचक वाटतो, पण त्यामागे अनुभव आहे. जमिनीवर आग लागली की माणसं रस्त्यावर येतात आणि बंब बाहेरून येतो. समुद्रात बंब म्हणजे जहाजाचेच कर्मचारी, आणि बाहेर पडायला जागा म्हणजे जहाजाचाच दुसरा भाग. ज्वाळांपेक्षा धूर आधी माणसांपर्यंत पोचतो. १९९६ साली अलास्काजवळ ‘युनिव्हर्स एक्सप्लोरर’ या जहाजाच्या मुख्य लॉन्ड्रीत आग लागली. धूर वरच्या डेकवर झोपलेल्या कर्मचाऱ्यांपर्यंत गेला आणि पाच जण गुदमरून मेले. १९९८ च्या जुलैमध्ये मायामीहून निघालेल्या ‘एक्स्टसी’ जहाजाच्या लॉन्ड्रीत वेल्डिंगच्या ठिणग्यांनी हवेच्या नळीत साचलेलं लिंट, म्हणजे कपड्यांतून सुटलेला भुसा, पेटलं आणि आग त्या नळीवाटे जहाजाच्या मागच्या भागात पोचली. तिथे ठेवलेले जहाज बांधायचे दोर धडाडून जळाले. दोन्ही आगी लॉन्ड्रीत, म्हणजे जिथे हे काम रोज आणि शिकलेल्या हातांनी होतं तिथे लागल्या होत्या. मग शेकडो केबिन्समध्ये शेकडो प्रवाशांनी आपापली इस्त्री लावलेली कोणत्या कप्तानाला चालेल?

निघण्याआधी: लेबल वाचा

केबिनमध्ये बहुधा दोन प्रकारचे सॉकेट असतात. एक अमेरिकी चपट्या पिनांचा, सुमारे ११० व्होल्टचा. दुसरा युरोपीय गोल पिनांचा, सुमारे २२० व्होल्टचा. जहाजाप्रमाणे हे बदलतं, म्हणून कंपनीच्या पानावर बघून घ्या. अ‍ॅडॉप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. गोंधळ इथेच होतो.

उपकरणाच्या मागे किंवा चार्जरवर बारीक अक्षरांत ‘इनपुट’ लिहिलेलं असतं. तिथे १००–२४० व्होल्ट असेल तर काळजी नाही. मोबाइल आणि लॅपटॉपचे चार्जर बहुतेक असेच असतात. पण फक्त ११०–१२० लिहिलेलं केसांचं यंत्र २२० व्होल्टच्या सॉकेटला लावलं, तर व्होल्टेज दुप्पट होतं आणि उष्णता चौपट, कारण तापणाऱ्या तारेत उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. काही सेकंदांत वास येतो, मग प्लॅस्टिक वितळतं. उलट, २३० व्होल्टचा हजार वॉटचा ड्रायर ११० वर लावला तर जेमतेम पाव ताकदीने चालतो आणि कोमट वारा देतो. त्यात धोका नाही, पण केसही वाळत नाहीत. यंत्रावर व्होल्टेज बदलायचं बटण असेल तर ते नखाने किंवा नाण्याने फिरवावं लागतं. ते विसरायला होतं, म्हणून लावण्याआधी प्रत्येक वेळी बघा.

सर्ज प्रोटेक्टरवाला बोर्ड का नको

सर्ज प्रोटेक्टर म्हणजे अचानक वाढलेल्या व्होल्टेजपासून उपकरणं वाचवणारा भाग. तो असलेला जो बोर्ड आपण घरी जास्त सुरक्षित म्हणून घेतो, तोच जहाजावर धोक्याचा. इमारतीतल्या वीजपुरवठ्यात एक तार ‘लाइव्ह’ असते आणि दुसरी, न्यूट्रल, जमिनीशी जोडलेली असते. अनेक जहाजांवर तसं नसतं. दोन्ही तारांमध्ये जहाजाच्या लोखंडी सांगाड्याच्या तुलनेत व्होल्टेज असतं. सर्ज प्रोटेक्टर मात्र इमारतीचा हिशेब धरून बनवलेला असतो. बिघाड झाला की तो एकच तार तोडतो. दुसरी चालूच राहते आणि आतल्या भागांतून वीज वाहून ते तापत जातात. अमेरिकी कोस्ट गार्डने २०१३ मध्ये नेमकी याच गोष्टीबद्दल सूचना काढली होती.

म्हणून बोर्ड न्यायचाच असेल तर त्यावर ‘सर्ज’ हा शब्द किंवा ‘ज्यूल’चा (सर्ज प्रोटेक्टरच्या क्षमतेचा) आकडा नको. काही कंपन्या साधा एक्स्टेंशन बोर्डही चालवून घेत नाहीत आणि हे नियम मध्येच बदलतात, तेव्हा निघण्याच्या आठवड्यात पुन्हा एकदा बघा. जास्त फोन असतील तर तीन-चार यूएसबी तोंडांचा एक चार्जर हा सर्वांत कमी कटकटीचा मार्ग. झोपेत श्वासासाठी सीपॅप यंत्र लागत असेल तर एक्स्टेंशन स्वतः नेऊ नका. तिकीट काढतानाच कळवा, म्हणजे जहाजाकडून मान्य असलेली वायर मिळते. यंत्रात घालायच्या डिस्टिल्ड पाण्याचीही तेव्हाच मागणी करून ठेवा.

केबिनमधली शिस्त

हेअर ड्रायर पलंगावर चालू ठेवायचा नाही. गादीवर त्याचं मागचं हवा ओढायचं तोंड बंद होतं आणि आतली तार लाल होते. केस सरळ करायचं यंत्र टॉवेलवर नको, बाथरूममधल्या दगडी किंवा टाइलच्या कट्ट्यावर ठेवा आणि प्लग काढून किमान पंधरा मिनिटं थंड होऊ द्या. दाराजवळच्या खाचेत खोचलेलं केबिनचं कार्ड काढलं की सगळी वीज जाते, असं समजू नका. बऱ्याच केबिनमध्ये दिवे बंद होतात, पण काही सॉकेट चालूच राहतात. पॉवर बँक आणि फोन टणक जागेवर चार्ज करा. उशीखाली तर नकोच नको.

छताकडेही एकदा बघा. तिथलं छोटं काचेचं किंवा धातूचं टोक म्हणजे पाण्याचा स्प्रिंकलर. लाल द्रव असलेली काचेची नळी साधारण ६८ अंश सेल्सियसला फुटते. तिला धक्का लागला तरीही फुटते, आणि मग पाणी सुरू होतं ते तुम्हाला थांबवता येत नाही. शर्टाचा हँगर अडकवायला ती जागा अगदी सोयीची दिसते आणि नेमका तिथेच तो अडकवू नये. दिव्याच्या शेडवर ओले मोजे वाळत घालणं हीसुद्धा हमखास दिसणारी चूक.

बाल्कनीत कपडे वाळत घालायला बहुतेक जहाजांवर मनाई असते. वाऱ्याने उडालेला कपडा समुद्रात जातो किंवा दुसऱ्याच्या बाल्कनीत पडतो, आणि तिथे जळता सिगारेटचा तुकडा आला तर पेटायला आयतं सामान मिळतं. ‘स्टार प्रिन्सेस’ जहाजाची मार्च २००६ मधली आग बाल्कनीतच लागली होती. ती बाल्कन्यांमधल्या प्लॅस्टिकच्या आडोशांमुळे पसरत गेली आणि एका प्रवाशाचा धुराने जीव गेला. टाकलेली सिगारेट हे तिचं संभाव्य कारण मानलं गेलं. त्यानंतर बाल्कनीतल्या साहित्याचे आंतरराष्ट्रीय नियम कडक झाले.

प्रवाशांसाठीच्या लॉन्ड्रीत

कुनार्ड, प्रिन्सेस आणि डिस्नेच्या जहाजांवर बहुतांशी प्रवाशांनी स्वतः कपडे धुवायची सोय असते. तिथे इस्त्री आणि इस्त्रीचं टेबल मिळतं. रॉयल कॅरिबियनवर ती सोय नाही. तिथे कपडे पिशवीत भरून धुवायला द्यायचे. अशा लॉन्ड्रीत सर्वांत जास्त गर्दी समारंभाच्या संध्याकाळी आणि समुद्रातल्या दिवशी उशिरा सकाळी होते. बंदराच्या दिवशी दुपारी जा.

ड्रायरचा दरवाजा उघडला की पहिलं काम म्हणजे जाळी. आधीच्या माणसाने ती झाडली असेल, असं धरून चालू नका. बोटाने एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत लिंट गोळा केलं की ते चादरीसारखं निघतं. कापसाचा हा भुसा कोरडा, हलका आणि हवेने भरलेला असतो, म्हणून ठिणगीला लगेच घेतो. शिवाय जाळी तुंबली की गरम हवा बाहेर पडत नाही, ड्रम जास्त तापतो आणि कपडे मात्र ओलेच राहतात. ड्रम पाऊणच भरा.

ड्रायरमध्ये काय घालू नये, हे त्याहून महत्त्वाचं. तेल लागलेले कपडे हा खरा धोका. मालिशचं तेल, सनस्क्रीन, खाण्याचं तेल सांडलेला नॅपकिन धुऊनही पूर्ण निघत नाही. गरम झालेलं तेल हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावतं आणि स्वतःच उष्णता सोडतं. कपडे गरम असतानाच गच्च घडी करून ठेवले की ती उष्णता आत कोंडते, वाढत जाते आणि तासा-दोन तासांनी, यंत्र बंद असताना, ढिगाऱ्यातून धूर निघतो. असे कपडे गरम पाण्यात दोनदा धुवा. वास राहिला तर ड्रायरमध्ये घालूच नका, दोरीवर वाळवा. कोणताही ड्रायर अर्ध्यावर थांबवून कपडे तसेच आत ठेवू नका. शेवटची दहाएक मिनिटं तो गार हवा फिरवतो, तेवढी पूर्ण होऊ द्या. रबरी तळाचे बूट, फोमचे पॅड असलेले पोहण्याचे कपडे, नेलपॉलिश रिमूव्हर लागलेलं काहीही बाहेरच ठेवा. खिसे तपासा. लायटर आणि इअरफोनची डबी धुलाईत सापडणं नवीन नाही.

इस्त्री वापरताना लेबलवरचे ठिपके पाळा. एक ठिपका म्हणजे तळाचं तापमान जास्तीत जास्त ११० अंश, दोन म्हणजे १५०, तीन म्हणजे २००. नायलॉन आणि अ‍ॅक्रिलिकला एक, लोकर आणि पॉलिस्टरला दोन, सुती आणि लिननला तीन. आधी कमी तापमानाचे कपडे करा, मग चढत जा. उतरताना इस्त्री गार व्हायला वेळ लागतो आणि घाईत रेशीम जळतं. वाफेचं पाणी भरताना प्लग काढा. इस्त्री टाचेवर उभी ठेवली तरी जहाज हलतं, हे लक्षात ठेवा. फोन वाजला, मूल रडलं, वॉशर थांबला, काहीही झालं तरी टेबल सोडताना प्लग भिंतीतून ओढून काढा. तापलेल्या तळाभोवती वायर गुंडाळू नका. आणि दार उघडं राहावं म्हणून त्यात टोपली अडकवू नका. ते दार आग आत कोंडण्यासाठीच जड आणि आपोआप बंद होणारं केलेलं असतं.

इस्त्रीशिवाय सुरकुत्या घालवणं

बॅगेतून काढल्याबरोबर कपडे टांगा, हे निम्मं काम. बाथरूममध्ये शर्ट हँगरवर लावा, दार बंद ठेवून गरम पाण्याची अंघोळ करा आणि नंतर दहा मिनिटं तो तसाच राहू द्या. मग शिवण धरून खाली ओढा, तळहाताने दाबत जा. दार बंद ठेवण्याचं कारण असं की वाफ केबिनमध्ये आली तर धूर ओळखणारं यंत्र तिला धूर समजू शकतं. हेअर स्प्रेचा फवाराही त्याच्याखाली मारू नका.

जिथे चुणी हट्टी आहे तिथे साध्या पंपाच्या बाटलीने पाण्याचा बारीक फवारा मारा, कापड ताणा आणि टांगून ठेवा. गॅसच्या दाबावर चालणारे डबे नेऊ नका. पँटसाठी जुनी युक्ती अजून चालते. क्रीझ जुळवा, दोन टॉवेलांमध्ये किंचित दमट पँट ठेवा आणि गादीखाली रात्रभर दाबा. लिननला मात्र हे उपाय पुरत नाहीत. ते एकतर चुरगळलेलंच छान म्हणून घाला, किंवा जहाजाच्या इस्त्रीला द्या. समारंभाचा सूट असेल तर पहिल्याच दिवशी द्या, म्हणजे गर्दीच्या आधी परत येतो.

हाताने धुताना बेसिनमध्ये चार लिटर पाण्याला एक चमचा द्रवरूप साबण पुरे. जास्त घातला तर फेस काढण्यात पाणी जातं आणि कापड कडक होतं. पाच मिनिटं भिजवा, चोळा, दोनदा खळबळा. पिळू नका. कपडा कोरड्या टॉवेलवर पसरा, दोन्ही एकत्र सुरळी करा आणि सुरळीवर गुडघा टेकून दाबा. बहुतेक पाणी टॉवेल शोषून घेतो. मग बाथरूममधल्या ओढून काढायच्या दोरीवर, पंखा चालू ठेवून, कपड्यांमध्ये बोटभर अंतर सोडून टांगा. वातानुकूलित हवा कोरडी असते, त्यामुळे पॉलिस्टर रात्रीत वाळतं. जाड सुती जीन्स दोन दिवस घेते, ती नेऊच नका.

जळका वास आला तर

आधी प्लग ओढा, बटण दाबत बसू नका. चालू उपकरणावर पाणी ओतू नका. धूर वाढत असेल तर विझवायच्या फंदात न पडता बाहेर या, दार बंद करा, मोठ्याने ओरडून शेजाऱ्यांना सावध करा आणि जवळचं आगीचं बटण दाबा. फोनजवळ आपत्कालीन क्रमांक लिहिलेला असतो. तो पहिल्या रात्रीच पाठ करा. डेक, पुढचा भाग की मागचा आणि केबिन क्रमांक, एवढं सांगा. लिफ्ट नको. धुरात खाली वाकून चला, जमिनीजवळची प्रकाशपट्टी जिन्याकडे नेते. सात छोटे आणि एक लांब भोंगा वाजला तर केबिनच्या कार्डावर लिहिलेल्या जमण्याच्या ठिकाणी जा.

आणि तुम्ही स्वतः विझवलंत तरी कळवा. कापूस आणि गादी आतून तासन्‌तास धुमसत राहतात. कर्मचारी येऊन उष्णता दाखवणाऱ्या कॅमेऱ्याने ती जागा तपासतात.