उंदराची वायर उंदरानं खाल्ली, तेव्हा आणलेला वायरलेस सेट

"ताई, माझं तेहतीस रवं हुतं. पट्टीवर तीनच दिसत्यात."

पन्हाळ्याकडच्या एका काकांनी विक्रीच्या हिशेबाची पट्टी माझ्यासमोर धरली आणि माझे कान तापले. चौदा वर्षं मी मार्केट यार्डातल्या गूळ अडतीत हिशेब लिहिते. रव्यांचा, म्हणजे गुळाच्या ढेपांचा, आकडा चुकवल्याचं आठवत नाही. पण कागदावर तीन होते ते होतेच. त्याच्या आधल्या आठवड्यात हमालीच्या रकान्यात 4 च्या जागी 4444 उमटले होते, ते मी छापायच्या आधी पकडले. दोन्ही वेळा शिव्या खाल्ल्या त्या नव्या वायरलेस की-बोर्डनं. बिचाऱ्याचा काही गुन्हा नव्हता. चूक होती डोंगल, म्हणजे की-बोर्डचे निरोप पकडणारा नखाएवढा यूएसबीचा तुकडा, खोचलेल्या जागेत, आणि ती जागा मीच निवडली होती.

की-बोर्ड आणि माउसचा हा सेट का आणला ते सांगते. गुळाचं गोदाम म्हटलं की उंदीर आले. जुन्या माउसची वायर एका रात्रीत कुरतडून ठेवली. उंदराची वायर उंदरानंच खाल्ली म्हणून हमाल दिवसभर हसत होते. मालक म्हणाले, "आता बिनवायरचंच आणा." पाडव्याला सौद्याचा मुहूर्त झाला की श्वास घ्यायला वेळ नसतो, म्हणून दिवाळीच्या आधीच राजारामपुरीतून सेट आणला.

दुकानात मी एकच गोष्ट अडून मागितली: उजव्या हाताचा आकड्यांचा गठ्ठा. आटोपशीर दिसणाऱ्या बऱ्याच सेटना तो नसतो. घरी सिनेमा लावायला तसला चालेल. दिवसाला शंभर पट्ट्या करणाऱ्यानं घेऊ नये. तिथल्या 5 वर बोटाला लागणारा बारीक उंचवटा असतो, न बघता आकडे मारणाऱ्याचं सगळं त्याच्यावर चालतं. तसेच उंचवटे एफ आणि जे वरही असतात. दुकानदार ब्लूटूथचा सेटही दाखवत होता, पण आमच्या जुन्या डेस्कटॉपमध्ये ब्लूटूथ नाही. तुमचा लॅपटॉप असेल आणि यूएसबीची भोकं कमी असतील, तर ब्लूटूथ बरा.

जोडायचं काम पाच मिनिटांचं आहे.  खोक्यात डोंगल सापडला नाही तर घाबरू नका, बहुतेक वेळा माउसच्या पोटात, सेलच्या शेजारच्या खाचेत दडवलेला असतो. आमच्या दिवाणजींनी तो पॅकिंगबरोबर टाकून दिला असं समजून अख्खा केर उपसला होता. की-बोर्ड आणि माउस दोघांना मिळून एकच डोंगल पुरतो. सेल आधीच घातलेले असतील तर त्यांच्याखालून बाहेर डोकावणारी प्लॅस्टिकची पट्टी ओढून काढा, नाहीतर वीज पोचतच नाही. मग माउस उलटा करून चालूचं बटण सरकवा. काही की-बोर्डनाही मागे किंवा कडेला तसंच बटण असतं. डोंगल खोचला की विंडोज स्वतःच ओळखतं, सीडी वगैरे लागत नाही. जोडी कारखान्यातूनच जुळवून येते. तरी हललं नाही, तर खाली 'कनेक्ट' लिहिलेलं बटण असल्यास डोंगल काढून पुन्हा खोचून ते दाबून धरा.

ब्लूटूथवाल्यांनी सेटिंग्जमध्ये ब्लूटूथ उघडून नवीन डिव्हाइस जोडायला सांगायचं. पडद्यावर आकडे आले तर ते नव्या की-बोर्डवर मारून एंटर दाबायचं. एंटर विसरतात लोक, आणि मग जोडत नाही म्हणून फोन करतात.

आता तेहतीसच्या तीनवर येऊ.

हे सेट 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरींवर बोलतात. वायफायचा जुना पट्टाही तोच. पण वायफायपेक्षा वाईट शेजारी निळा असतो. कॉम्प्युटरच्या मागं ज्या यूएसबीच्या भोकात निळी जीभ दिसते ते साधारणपणे यूएसबी 3, काळ्या जिभेचं बहुधा यूएसबी 2. यूएसबी 3 चालू असताना त्याच पट्ट्यात गोंगाट करतं. इंटेलनं 2012 मध्येच यावर स्वतंत्र टिपण काढलं होतं. मी डोंगल मागच्या निळ्या भोकात खोचला होता, आणि त्याला खेटून होती बॅकअपची हार्ड डिस्क. संध्याकाळी मी पट्ट्या मारायला बसले की बॅकअप सुरू. वरून पत्र्याचा कॅबिनेट, लोखंडी टेबलाखाली, भिंतीकडे पाठ करून. म्हणजे सौद्यात पुकारा चालू असताना मागून कुणीतरी हळू आवाजात भाव सांगावा, तशी गत. खोक्यावर दहा मीटर लिहिलेलं असतं ते मोकळ्या जागेचं, पत्र्याआडचं नव्हे.

चार दाबला की की-बोर्ड एक निरोप पाठवतो, 'दाबला'. बोट उचललं की दुसरा, 'सोडला'. पहिला हरवला तर अंक उमटतच नाही, 33 चे 3 होतात. दुसरा हरवला तर कॉम्प्युटरला वाटतं बोट अजून तिथंच आहे, आणि 4 चे 4444 होतात. हे कळल्यावर माझा की-बोर्डवरचा राग गेला.

इलाज साठ-सत्तर रुपयांचा निघाला. यूएसबीची एक मीटरची एक्स्टेन्शन वायर घेतली, तिचं एक टोक काळ्या भोकात घातलं, दुसऱ्या टोकाला डोंगल लावून तो टेबलावर पेनस्टँडच्या मागं चिकटपट्टीनं डकवला. की-बोर्डपासून वीतभर लांब. बिनवायरच्या सेटला वायर जोडली म्हणून मालकांनी भुवई वर केली खरी, पण त्या दिवसापासून एक अंक गळलेला नाही. वायर आणायच्या आधी निदान कॅबिनेटच्या पुढच्या भोकात लावून बघा, बऱ्याच जणांचं तेवढ्यावर भागतं.

फरक पडला का हे बघायची माझी रीत अशी. हार्ड डिस्कवर एखादी मोठी फाइल कॉपी करायला लावायची, नोटपॅड उघडायचं आणि 1 ते 0 असे दहा अंक वीस ओळी भराभर मारायचे. एखादी ओळ आखूड किंवा लांब दिसली की समजायचं, जागा बरोबर नाही. शांत कॉम्प्युटरवर तपासून उपयोग नाही, शांत असताना माझाही सेट शहाण्यासारखा वागायचा.

माउस अडखळत असेल तर मात्र आधी त्याच्या खालचं बघा. दिवाणजींच्या टेबलावर काच आहे, काचेखाली अंबाबाईचा फोटो. माउस खालच्या पृष्ठभागाची बारीक चित्रं टिपून आपण किती सरकलो ते ठरवतो, काचेतून प्रकाश आरपार गेला की त्याला काही कळत नाही. बाजारात मिळणारा साधा कापडी पॅड टाका, तोवर जुन्या कॅलेंडरचा उलटा कागदही चालतो. फोटोवर कागद ठेवायला दिवाणजी तयार नव्हते, त्यामुळे पॅड त्याच दिवशी आला.

सेलचं थोडक्यात. आमच्या माउसला एक पेन्सिल सेल लागतो, की-बोर्डला दोन बारके. माउसचा लवकर संपतो, की-बोर्डचे कित्येक महिने जातात. घेताना अल्कलाइन लिहिलेलेच घ्या. घड्याळात घालायचे स्वस्त सेल यात घालू नका, ते संपत आले की पाझरायला वेळ लागत नाही. जुना-नवा एकत्र तर कधीच नको. रिचार्जचे चालतात, फक्त त्यांचा दाब 1.5 ऐवजी 1.2 व्होल्ट असल्यानं 'बॅटरी कमी' हा इशारा कधीकधी उगाचच येतो. बरेच दिवस वापर नसेल तर सेल काढून ठेवा. आपल्याकडच्या पावसाळ्यात बंद दुकानात सेल तसेच राहिले की स्प्रिंगवर पांढरी-हिरवी पूड धरते. कानात घालायच्या कापसाच्या काडीवर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घेऊन ती पुसा, मग ओल्या काडीनं, आणि पूर्ण वाळू द्या. अल्कलाइनची गळती अल्कली असते, म्हणून आंबट लागतं. पूड हाताला लागली तर हात धुवा.

गूळवाल्यांची खास अडचण म्हणजे मुंग्या. चव बघायला प्रत्येक जण रव्याचा तुकडा मोडतो आणि त्याच बोटांनी "हे बघा की" म्हणत बटण दाबतो. मी की-बोर्डशेजारी ओला फडका ठेवते आणि मालकांनाही सोडत नाही. आठवड्याला सेल काढून की-बोर्ड पालथा करून आपटायचा, रंगाच्या मऊ ब्रशनं फटी झाडायच्या, चिकट बटणं स्पिरिट शिंपडलेल्या फडक्यानं पुसायची. स्पिरिट फडक्यावर घ्यायचं, की-बोर्डवर ओतायचं नाही.

खंडेनवमीलाही तेच सांगते. यंत्रांची पूजा करा, माझी ना नाही, पण हळद-कुंकू कॅबिनेटला लावा. एका वर्षी पोरानं भक्तिभावानं माउसच्या खालच्या भिंगालाच कुंकू लावलं. त्याच दिवशी पुसापुशीत माझा आणि दिवाणजींचा डोंगल बदलला. दोन्ही सेट एकसारखे. मी माउस हलवला तर पलीकडून ओरडा आला, "अगं, ह्यो आपसूक पळाया लागला!" तेव्हापासून माझ्या डोंगलवर, की-बोर्डवर आणि माउसवर लाल नेलपॉलिशचा ठिपका आहे, त्यांच्यावर गुलाबी.

मराठी टंकायला वेगळा की-बोर्ड लागत नाही. विंडोजच्या भाषांच्या सेटिंगमध्ये मराठी घाला, मग विंडोज आणि स्पेस एकदम दाबलं की भाषा बदलते. येतो तो इनस्क्रिप्ट, म्हणजे डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजवीकडे बहुतेक व्यंजनं. गूळ लिहायचा तर आय, टी आणि शिफ्ट धरून एन. पहिले पंधरा दिवस चिकटवायचे स्टिकर लावा, पुढं बोटं आपली जातात. रुपयाच्या खुणेसाठी इंग्लिश इंडिया निवडून उजवा ऑल्ट आणि 4. कॅप्स लॉकचा दिवा शोधत बसू नका, सेल वाचावा म्हणून बऱ्याच वायरलेस सेटना तो देतच नाहीत. पासवर्ड चुकतोय असं वाटलं तर आधी तिथंच बघा.

पासवर्डवरून आठवलं. 2016 मध्ये बॅस्टिल नावाच्या कंपनीच्या संशोधकांनी दाखवलं की काही कंपन्यांचे डोंगल लांबून आलेले खोटे निरोपही खरे मानून घेतात. म्हणून बँकेची कामं होतात त्या कॉम्प्युटरला खोक्यावर एन्क्रिप्शन (म्हणजे निरोप सांकेतिक करून पाठवणं) लिहिलेला सेट घ्या, नाहीतर त्या कामापुरता वायरचा की-बोर्ड लावा. तसा एक जुना वायरवाला की-बोर्ड मी कपाटात ठेवलाच आहे, उंदरांपासून उंच. कॉम्प्युटर सुरू होताना बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, जायची वेळ आली, तर डोंगलचा सेट बहुधा चालतो, ब्लूटूथचा बहुधा नाही.

आणि कॅबिनेट दुरुस्तीला पाठवताना डोंगल काढून माउसच्या पोटात ठेवा. आमचा कॅबिनेट गेला डोंगलसकट आणि आला डोंगलशिवाय. "आमच्याकडं नव्हताच," म्हणाले. लॉजिटेकच्या युनिफाइंग किंवा बोल्टसारख्या काही प्रकारांत नवा डोंगल घेऊन जुन्या सेटशी जुळवता येतो, एका डोंगलवर सहा यंत्रं बसतात. आमचा सेट त्यातला नव्हता. चांगला चालता की-बोर्ड आणि माउस आता शोकेसमध्ये पडून आहेत. नवा आणला तेव्हा सेलची पट्टी ओढायच्या आधी मी नेलपॉलिश उघडलं.