क्लाउझर मिनोचे फिरणारे डोळे: माझा उपाय

बॉब क्लाउझर यांनी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हानियात स्मॉलमाउथ बास या माशासाठी ही फ्लाय, म्हणजे गळावर दोऱ्याने बांधलेलं नकली आमिष, घडवली. तिचं सगळं काम जड डोळ्यांवर चालतं. ते गळाच्या दांडीवर फिरले की फ्लाय आडवी होते, गळाचं टोक वर राहत नाही आणि ती दगडांत अडकते.

घरगुती डोळे म्हणजे किचेनच्या गोळीसाखळीतले जोडीचे दोन मणी. गुडघाभर पाण्यात पुरतात. गळ ६ नंबरचा. आधी दांडीवर दोऱ्याचा घट्ट थर द्या, गुळगुळीत धातूवर काहीच पकड धरत नाही. नेढ्यापासून ४ मिलिमीटरवर, टोकाच्या विरुद्ध बाजूला मणी ठेवून इंग्रजी आठासारखे १०-१२ वेढे घ्या. मग मणी आणि दांडी यांच्या मधून आडवे ५-६ वेढे, जोर लावून. आधीचे वेढे यांनीच आवळतात. हे गाळले तर नेलपॉलिशही वाचवत नाही. शेवटी पारदर्शक नेलपॉलिशचा थेंब, रात्रभर वाळवून.

शिवणाचा दोरा पिळदार असल्याने डोकं फुगतं. रीळ लोंबतं ठेवून पिळाच्या उलट फिरवा, दोरा चपटा बसतो.

पंखासाठी प्लास्टिकच्या पोत्याची पट्टी सुईने विंचरा. जुडी आगकाडीएवढीच हवी. हे तंतू पाण्यावर तरंगतात, जास्त झाले की फ्लाय खाली जातच नाही.